सहा खाटा, सात गाद्या

संकट येणार म्हटल्यावर माणसांनी काळजीत पडावं ही जगाची रीत. ह्या घरानं ती धाब्यावर बसवली.

बातम्या काही हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. नदीपलीकडच्या अणुवीज केंद्रात बिघाड झाला होता. तो आटोक्यात आला असं रोज सांगत होते, आणि जी गोष्ट रोज सांगावी लागते ती आटोक्यात आलेली नसते एवढं कुणालाही कळतं. सीमेवर वेगळीच धुसफूस. शहरात भोंग्यांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. शेजारीपाजारी खिडक्या लावून बसायचे. इथे मात्र भोंगा झाला की थोरल्याची लेक चिमणी दोन-दोन पायऱ्या गाळत तळघरात उतरायची आणि आप्पा घड्याळ बघून म्हणायचे, “कालच्यापेक्षा बरी.”

तळमजल्यावर तिजोऱ्यांचा कारखाना, त्याच्यावर घर, आणि दोन्हींच्या पोटात जाड सिमेंटचं तळघर. आप्पांच्या आजोबांपासून तिथे पत्र्यांचे गठ्ठे पडलेले असत. ते हलवून, घासून, रंगवून महिन्याभरात निवारा उभा राहिला. आप्पांनी घरातल्या प्रत्येकाला उभं करून स्टीलचा टेप लावला, वर चार बोटं जास्तीची धरली आणि भिंतीला लोखंडी खाटा जोडल्या. सहा.

थोरली सून, म्हणजे वहिनी, मुलींच्या वसतिगृहात कोठी सांभाळते. दोनशे पोरींची पोटं भरणाऱ्या बाईला सहा माणसं म्हणजे डाव्या हाताचा मळ. पाण्याचे कॅन, डबाबंद कडधान्य, बिस्किटं, साबण, औषधं, झाकणाची बादली, सगळं तिनं रांगेत लावलं आणि कुणी एक पुडा जरी फोडला तरी गाठ माझ्याशी आहे असं बजावून ठेवलं. ताई, थोरल्याच्या पाठची बहीण, दवाखान्यात एक्स-रे काढते. तिनं सगळ्यांना खाली बसवून शिकवणी घेतली.

“खरी भीती धुळीची. बाहेरून आलं की कपडे दारातच उतरवायचे, पिशवीत कोंबायचे, पिशवीचं तोंड बांधायचं. मग अंग धुवायचं. केसांना नुसता शाम्पू. कंडिशनर नाही, तो धूळ केसांना चिकटवून ठेवतो.”

“जग बुडायला निघालंय आणि हिला कंडिशनरची पडलीय,” थोरला म्हणाला.

“तुला काय रे दादा, तुझं डोकं फडक्यानं पुसलं तरी भागेल.”

चिमणी इतकी हसली की तिला उचकी लागली. गेल्या चार वर्षांत ह्या घरानं एकत्र बसून हसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. आप्पासुद्धा हसले. फक्त आई वर शिलाई मशीनवर बसलेली होती, तिला खाली यायला वेळ नव्हता.

रविवारी सकाळी रंगीत तालीम ठरली. सगळ्यांनी आत जायचं, दार लावायचं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायचं नाही. सकाळपासून घरात नुसती लगबग. थोरला आणि ताई गाद्या खाली उतरवत होते, आप्पा तळाशी उभं राहून त्या खाटांवर टाकत होते. सहा झाल्या, आणि ताई अजून एक घेऊन आली.

“ही कुणाची?” आप्पांनी विचारलं.

“जास्तीची,” जिन्यावरून आईचा आवाज आला.

“जास्तीची कशाला?”

“कापड उरलं होतं.”

“उरलं तर उशी करावी. अख्खी गादी शिवायची?”

“उशीला जरा लांब झालं असतं.”

गादी नुसती जास्तीची नव्हती, ती सगळ्यांत लांबही होती. ह्या घरात एवढं लांब माणूस एकच, आणि ते चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलं होतं. ताई भिंतीकडे बघायला लागली. थोरल्याला एकदम खोकला आला.

धाकट्या मुलाचं आणि आप्पांचं कशावरून फिसकटलं ते घरात कुणी उगाळत नाही. तो कारखाना सोडून एका कंपनीत लागला, जी थिएटरांना आणि दवाखान्यांना संकटकाळी उघडायची दारं बसवते. आडवी दांडी आतून ढकलली की उघडलं. आप्पा म्हणाले होते, “कुणीही ढकलावं आणि उघडावं, ते दार म्हणायचं की पडदा?” धाकटा म्हणाला होता, “तुमची दारं माल वाचवतात, आप्पा. माझी माणसं वाचवतात.” त्यानंतर बापलेकांत एक शब्द नाही.

आई खाली आली, सातवी गादी तिनं उचलली आणि जमिनीवर अंथरली.

“एक पोर बाहेर आणि मी आत, असं माझ्याच्यानं व्हायचं नाही,” ती म्हणाली. “आज तालीम आहे, मी येते. खरा भोंगा वाजला तर मी ह्या पायरीवर बसेन. तुमचं काय ते तुम्ही बघा.”

“जो गेला तो स्वतःच्या पायांनी गेला. सहा म्हणजे सहा. हवा, पाणी, सगळं सहांचं धरलंय.”

“पाणी मी सातांचं भरलंय,” वहिनी कॅनवरचं झाकण घट्ट करत म्हणाली, आणि आप्पा काही बोलायच्या आत फोन घेऊन वर गेली.

*

धाकटा त्या वेळी एका थिएटरच्या मागच्या बोळात उकिडवा बसून दाराच्या बिजागरीत तेल घालत होता. दुपारच्या खेळाआधी दार चालू व्हायला हवं होतं. फोनवर वहिनीचं नाव बघून त्यानं हात पँटला पुसले.

“भावोजी, आज निवाऱ्याची तालीम आहे. या.”

“मला जागा आहे का तिथे?”

ह्या बाईला खोटं बोलता येत नाही, ही तिची मोठीच अडचण.

“खाट नाही,” ती म्हणाली. “गादी आहे. आईंनी शिवलीय.”

“म्हणजे आप्पांनी मला मोजलं नाही.”

“तुम्ही आल्याशिवाय मोजणार कसे?”

“वहिनी, मला शब्दात पकडू नका. तुम्ही सगळे मजेत राहा. मी येत नाही.”

त्यानं फोन ठेवला आणि दार ढकलून पाहिलं. ते अलगद उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. काम झालं होतं, तरी तो उगीचच ढकलत राहिला. रागावलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी चाळा लागतो. आईनं गादी शिवली, ह्या गोष्टीनं त्याचा राग अर्धा उतरला होता आणि उरलेला अर्धा त्यानं जोर लावून धरून ठेवला होता.

*

आता दाराविषयी. आप्पांनी दार केलं म्हणजे ते दार बघायला माणसांनी तिकीट काढून यावं. पोटात काँक्रीट भरलेलं, बाहेर आकड्यांची चकती आणि चाक, कडेला मनगटाएवढे चार अडसर. वजन असं की चार माणसांना उचलेना, पण बिजागऱ्यांवर एका बोटानं फिरत होतं. अडसरांना स्प्रिंगा होत्या. दार नुसतं लोटलं की चारही आपोआप चौकटीत जाऊन बसत. आतली बाजू त्यांनी इतकी घासून गुळगुळीत केली होती की आईनं त्यात बघून अंबाडा नीट केला.

ताईनं एकदा सुचवलं होतं, पानापक्कड आत ठेवा म्हणून. आप्पा म्हणाले, “माझं काम मोडत नाही. पाना कशाला? त्या जागेत अजून एक कॅन मावेल.” वहिनीनं लगेच कॅन ठेवला.

सगळे आत आले. आप्पांनी एक बोट लावलं. दार फिरलं, आणि चारही अडसर एकाच ठोक्यात बसले. तो आवाज ऐकून आप्पांचा चेहरा असा फुलला की थोरल्यानं टाळ्याच वाजवल्या. चिमणी बाहेरची हवा ओढणारा पंखा हातानं फिरवायला लागली. त्याच्या नळीचं दुसरं तोंड बोळाकडच्या भिंतीत, घराच्या दाराशेजारीच, फडक्याची गाळणी लावून काढलेलं होतं. वहिनीनं प्रत्येकाला मोजून बिस्किटं दिली. ताईनं कंदील लावला. थोरल्यानं खाटेवर पडून जाहीर केलं की जग बुडालं तरी आपल्याला कळणार नाही, इतकी गादी मऊ आहे.

“रेडिओ लाव,” आप्पा म्हणाले.

थोरल्यानं रेडिओ उलटा केला. “सेल वर राहिले. थांबा, आणतो.”

तो दाराशी गेला. त्यानं हात दाराच्या मध्यावर ठेवला, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली. अंधारात चष्मा शोधणारा माणूस जसा गादी चाचपतो तसा तो दार चाचपत होता. मग त्याचा हात थांबला.

“आप्पा, मूठ कुठेय?”

“मूठ बाहेर,” आप्पा सवयीनं म्हणाले.

पंख्याची घरघर थांबली, कारण चिमणीचं फिरवणं थांबलं होतं.

आप्पा उठले. त्यांनी स्वतः दारावरून हात फिरवला, आपण घासलेल्या त्या आरशासारख्या पत्र्यावर, जिथे एक स्क्रू नव्हता, एक भोक नव्हतं. तीन पिढ्या ह्या घराण्यानं दारं केली. सोनं, दस्तऐवज, सरकारी शिक्के, सगळ्यांसाठी केली. त्यातल्या एकालाही आतून बाहेर यायचं नव्हतं. तिजोरीच्या दाराला आतून मूठ नसते हे थोरल्याला कुणी शिकवलं नव्हतं, तसं आप्पांनाही कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या हातातच होतं. ह्या दाराची चाचणी त्यांनी कितीदा तरी घेतली होती, आणि प्रत्येक वेळी बाहेर उभं राहून.

“आतला पत्रा उचकटता येईल,” थोरला म्हणाला.

“वेल्ड केलाय. सगळीकडून.”

“कशाला?”

“चोरानं उचकटू नये म्हणून.”

“आतला चोर?” ताईनं विचारलं. एरवी ह्या वाक्याला हशा झाला असता.

फोनला रेंज नव्हती. “किरणं आत येऊ नयेत एवढी भिंत जाड केल्यावर फोन कुठून लागणार,” ताई म्हणाली. मग हळू आवाजात तिनं पुढचं बोलून टाकलं. “आज नुसती तालीम आहे म्हणून बरं. खरंच काही झालं असतं तर बाहेरून येऊन उघडायला माणूस आणला असता कुठून? आणि आला तरी आकडा कुणाला माहीत आहे?”

आकडा आप्पांना माहीत होता. घराण्याचा नियम असा की आकडा बोटांत ठेवायचा, तोंडातून काढायचा नाही. थोरल्यालाही दिलेला नव्हता.

आप्पा मटकन खाटेवर बसले. एवढा दांडगा माणूस, पण त्या घडीला नातीच्या खाटेवर बसलेला एक म्हातारा दिसत होता. वहिनीला त्यांची कणव आली. खरं सांगायचं तर रागही आला, पण कणव जरा जास्त आली.

“आप्पा, मी भावोजींना फोन केला होता,” ती म्हणाली. “या म्हणून.”

थोरल्यानं डोळे मिटून घेतले. आता फटाके फुटणार ह्याची त्याला खात्री होती.

आप्पांनी मान वर केली. “येईल का तो?”

“नाही म्हणाले.”

“नाही म्हणजे नक्की कसं म्हणाला?”

आई आत्तापर्यंत सातव्या गादीवर बसून होती. नवऱ्याचा तो प्रश्न ऐकून तिनं पदर तोंडाला लावला, आणि ती हसतेय की रडतेय हे कुणाला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

तेवढ्यात नळीतून भोंगा ऐकू आला. रविवारी चाचणी नसते.

*

भोंगा झाला तेव्हा धाकटा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसथांब्यावर उभा होता. समोरच्या दुकानांची शटरं धडाधड खाली आली. एक बाई दोन मुलांना काखेत मारून पळाली. कुणीतरी सांगत होतं की केंद्राकडून धूर येतोय, दुसरा म्हणत होता धूर नाही, ढग आहे. त्याच्या खोलीच्या इमारतीलाही तळघर होतं, इथून दोन वळणांवर. धाकट्याचे पाय मात्र उलट्या दिशेला निघाले. येत नाही असं ठणकावून सांगितलेला माणूस रस्त्याच्या मधून सुसाट धावत सुटला होता, आणि पिशवीतले पाने ताल धरल्यासारखे वाजत होते.

आतमध्ये ताईनं नळीच्या झडपेला हात घातला होता. “खरं असेल तर ही लावायला हवी.”

“राहू दे उघडी,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, धूळ—”

“धूळ यायला वेळ लागतो असं तूच शिकवलंस ना? तेवढा वेळ राहू दे. तो आला तर बोलणार कुठून?” आणि ते नळीला कान लावून उभे राहिले. भोंग्याच्या आवाजात त्यांना आधी धापा ऐकू आल्या, मग आवाज.

“आई? वहिनी? आहात का आत?”

“आहोत,” आप्पांनी नळीला तोंड लावलं. “तू कोण?”

प्रश्न विचारायची गरज नव्हती. पण चार वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मी. न मोजलेला.”

“दार उघड. आतून उघडत नाही.”

बाहेर नुसता भोंगा. धाकट्याला हसू येणं शक्य होतं. आयुष्यात अशी संधी एकदाच येते. तो हसला नाही.

“आकडा सांगा,” तो म्हणाला.

आणि आप्पांनी सांगितला. ओरडून सांगितला, भोंग्याच्या वर आवाज चढवून, बोळातल्या कुत्र्यामांजरांना पाठ होईल असा दोनदा सांगितला. इथे तो लिहिणार नाही. घराण्याचा नियम आहे, आणि एकदा मोडला तेवढा पुष्कळ झाला.

धाकट्यानं जिना उतरून चकती फिरवली. अडसर सरकले. दार फिरलं. धाकटा दारात उभा, घामानं निथळत.

“तिथेच थांब,” ताई ओरडली. “कपडे काढ.”

“ताई, अगं—”

“शिकवणी बुडवलीस, आता सांगतेय ते कर.”

त्यानं कपडे उतरवले, पिशवीत कोंबले आणि नुसत्या चड्डीवर कुडकुडत उभा राहिला. वहिनीनं तोंड फिरवून ब्लँकेट फेकलं. चिमणीला हा काका म्हणजे जत्रेतला पाळणा वाटत होता. ती टक लावून बघत होती.

भोंगा अजून चालूच होता.

“आत ये,” आई म्हणाली.

“आलो तर दार लोटावं लागेल, आणि लोटलं की उघडणार कोण?” धाकट्यानं दाराची आतली बाजू बघितली आणि क्षणात सगळं ओळखलं. “तुम्ही सगळे आत राहा. मी बाहेर थांबतो. थंडावलं की उघडतो.”

आई उठली, आपली गादी काखोटीला मारली आणि त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन उभी राहिली. तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, आता पुन्हा सांगायची गरज नव्हती.

आप्पांनी दाराकडे पाहिलं. असं दार त्यांच्या हातून पुन्हा होणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते.

“पिशवीत मोठा पाना आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“आणि हातोडी?”

धाकट्यानं पिशवी पुढे केली. आप्पांनी दाराच्या कडेला पाना लावला. थोरल्यानं कंदील धरला, धाकट्यानं अडसर. पहिली स्प्रिंग उडाली ती कॅनवर जाऊन आदळली. दुसरी, तिसरी. चौथी निघेना, तेव्हा आप्पांनी हातोडीचे असे घाव घातले की चौकटीचा रंग उडाला. ह्या घरातल्या कुणी स्वतःच्या कामावर हातोडी उगारल्याचं कारखान्यानं पहिल्यांदाच पाहिलं. चारही अडसर निघून जमिनीवर पडले.

“आता अडसराच्या भोकात दोरी अडकवून आतून ओढून धरता येईल,” आप्पा धापा टाकत म्हणाले. “दांडी तू नंतर बसव. तुझीवाली. ढकलायची. बाहेर कुणी थांबायचं नाही.”

सगळे आत आले. थोरला आणि धाकटा दोघांनी मिळून दोरी धरली, आणि दोरी धरता धरता थोरल्यानं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, चार वर्षांचा एकदम. ताईनं झडप लावली. वहिनीनं कुणी न मागता सातवा पेला भरला.

भोंगा थांबला. ताईनं झडप किलकिली केली तेव्हा गाडीवरचा ध्वनिक्षेपक ऐकू आला: नवा भोंगा जोडताना चुकून चालू झाला, नागरिकांनी घाबरू नये. थोरल्याला हसू फुटलं, मग ताईला, मग सगळ्यांनाच. हसता हसता धाकट्याचं ब्लँकेट सुटलं आणि पुन्हा एकदा हसण्याची लाट आली. दोरी केव्हाच सुटली होती, दार उघडं होतं, पण वर जायला कुणी उठलं नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं होतं.

आप्पा मात्र खिसे चाचपत होते. त्यांनी स्टीलचा टेप काढला आणि धाकट्यापुढे येऊन उभे राहिले.

“सरळ उभा राहा.”

“आत्ता?”

“मग कधी? भिंतीत ह्या बाजूला अजून एक खाट बसते. सरळ राहा म्हणतो ना. पोक काढलंस तर पाय बाहेर येतील.”

धाकटा भिंतीला टेकून सरळ उभा राहिला. आप्पा टेपचं टोक त्याच्या टाचेशी धरायला गुडघ्यावर बसू लागले, पण गुडघा वाकेना.

“उगीच वाकू नका,” आई म्हणाली. ती सातवी गादी पुन्हा अंथरत होती. “गादीचं माप घ्या. बरोबर आहे.”

“तू कधी मोजलंस त्याला?”

“गेला त्याच्या आधीचं आहे की माझ्याकडे. रुसला म्हणून माणूस काय आखूड होतो?”

आप्पांनी टेप गादीला लावला आणि वर चार बोटं जास्तीची धरली.